पॉलिकार्पोस यंदा सण करणार नाही

पॉलिकार्पोस कारूझोसचं दुखणं एवढंच होतं, की त्या नावाचा दुसरा माणूस ग्रीसमधल्या अख्ख्या किपारिसिया गावात नव्हता.

नावाचा सण कसा असतो हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्या संताचं नाव आपल्याला ठेवलंय, त्याच्या दिवशी आपण इस्त्रीचे कपडे घालून घरात बसायचं आणि गावानं यायचं. बोलावणं धाडायचं नसतं. 'पुष्कळ वर्षं जगा' म्हणत लोक येतात, रिबीन बांधलेला मिठाईचा खोका ठेवतात, गोड दारूचा इवलासा पेला घेतात आणि तीन तास बसतात. योर्गोस नावाच्या माणसाला याचं काही वाटत नाही. गावात योर्गोस दीडशे. त्या दिवशी गाव त्यांच्यात वाटलं जातं आणि एकेकाच्या वाट्याला आठ-दहा पाहुणे येतात. तेवीस फेब्रुवारीला मात्र गावाला जायला दुसरं घरच नसे. त्यातून दिवस थंडीचे, समुद्रावर वारा, टीव्हीवर दोनच वाहिन्या धड दिसणाऱ्या. अशा वेळी पॉलिकार्पोस हीच गावाची करमणूक होती.

मागच्या वर्षी एकशे बारा माणसं येऊन गेली. त्याच्या बायकोनं, एव्हान्थियानं, पहाटे पाचला उठून पाकातल्या पापुद्र्यांच्या वड्यांचे चार मोठे ट्रे भाजले होते. त्यातली एकही वडी पॉलिकार्पोसला मिळाली नाही. मालमत्ता नोंदणी कार्यालयातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याला स्वतःच्या सणाला स्वतःच्या घरची वडी मिळू नये, याचं त्याला वर्षभर वाईट वाटत होतं.

यंदा तेवीस तारखेला रविवार आला होता. आणि त्याच रविवारी दुपारी तीनला गावच्या फुटबॉल संघाचा आर्गोसला सामना होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा संघ वरच्या गटात जाण्याच्या बेतात आला होता. आर्गोसला जिंकायचं आणि पुढच्या रविवारी घरच्या मैदानावर बरोबरी साधायची, एवढंच उरलं होतं. पॉलिकार्पोस आरडाओरडा करणारा प्रेक्षक नव्हे. तो पायरीवर रुमाल अंथरून बसतो, गोल झाला की टोपी काढतो आणि पुन्हा घालतो. पण या एकोणीस वर्षांत त्याच्या टोपीला काम फार कमी पडलं होतं.

सामन्यासाठी सण बुडवतोय हे गावाला सांगणं शक्य नव्हतं. बायकोला सांगणं तर त्याहून नव्हतं. तेव्हा त्याला नाफ्प्लिओ आठवलं.

लग्नानंतर दोघं नाफ्प्लिओला जाणार होती. ते तेवीस वर्षांपूर्वी त्याच्या सणामुळेच राहिलं आणि पुढे राहूनच गेलं. नाफ्प्लिओ आर्गोसपासून बसनं वीस मिनिटांवर आहे. बायकोला बंदरावर कॉफी प्यायला बसवायचं, आर्गोसला जुना शाळासोबती असतो म्हणून दोन-अडीच तास सटकायचं आणि सूर्य मावळायच्या आत परत यायचं. बेत इतका चोख होता की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"यंदा सण नको," तो जेवताना म्हणाला. "रविवारी नऊच्या बसनं नाफ्प्लिओला जाऊ. तू आणि मी."

एव्हान्थियानं हातातला डाव खाली ठेवला. "खरंच?"

"खरंच म्हणजे? मी कधी खोटं बोललोय?"

दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन तिनं निळा कोट आणला. तो घालून ती आरशासमोर उभी राहिली तेव्हा पॉलिकार्पोसला जराशी टोचणी लागली. पण टोचणी आणि सामन्याचं तिकीट एकाच खिशात सुखानं राहतात, असा त्याला त्या आठवड्यात अनुभव आला.

आता गावाला थोपवायचं कसं? खालच्या मजल्यावरच्या किरा स्तामातियानं, म्हणजे स्तामातियाबाईनं, न विचारताच उपाय सुचवला. "पडदे ओढून घ्यायचे आणि आत गप पडून राहायचं. माझ्या मावसभावानं तेच केलं."

"मग?"

"मग काय, लोकांनी अग्निशामक दल बोलावलं. दार फोडलं. चांगलं ओकचं दार होतं हो."

शेवटी पॉलिकार्पोस गावच्या चार पानी दैनिकाच्या कचेरीत गेला. कुणाला सण करायचा नसला की तिथे चौकटीत सूचना देतात आणि गाव ती पाळतं. संपादक, छापणारा आणि जाहिराती घेणारा हे सगळं मिळून आयिसिलाओस नावाचे एकच गृहस्थ होते.

"कारण?" त्यांनी चष्म्यावरून विचारलं.

"प्रवास."

"लिहितो. माझं काय जातंय. पण किर पॉलिकार्पोस, उद्या लोक म्हणतील, चार वड्या खिलवायची पाळी आली तर गडी गाव सोडून पळाला."

पॉलिकार्पोसला आपल्या प्रतिष्ठेची फार काळजी असे. "मग काय लिहायचं?"

"काहीच नाही. मोठी माणसं कारण देत नाहीत. 'आपल्या नावाचा सण साजरा करणार नाहीत व भेटी स्वीकारणार नाहीत.' संपलं. आपल्या नोटरींनी हेच दिलं होतं. बँकेच्या मॅनेजरांनीही हेच."

नोटरी आणि बँकेचा मॅनेजर यांच्या पंगतीत बसायला मिळतंय म्हटल्यावर पॉलिकार्पोसनं सही केली. नोटरीची बायको त्या साली वारली होती आणि मॅनेजरचे वडील, हे त्याला त्या क्षणी आठवलं नाही. संपादकांना ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या घरातलं विचारू नये, असा त्यांचा बाणा होता.

गुरुवारी सूचना छापून आली.

सकाळी कामावर जाताना पावाच्या दुकानदारानं टोपी काढली. पॉलिकार्पोसला वाटलं, डोकं खाजवायला काढली असेल. कार्यालयात त्याच्या टेबलावरचे सगळे दस्त कुणीतरी उचलून नेले होते आणि तिथे कॉफीचा पेला आणि ब्रँडीचा घोट ठेवला होता. मुख्याधिकारी, जे त्याच्याशी अकरा वर्षं फक्त शिक्क्यांविषयी बोलत आले होते, त्यांनी त्याचा खांदा दाबला.

"घरी जा. इथलं आम्ही बघू."

"पण काय झालंय?"

"धीरानं घेताय. छान," मुख्याधिकारी म्हणाले आणि डोळे पुसत आत गेले.

घरी आला तर दारात किरा स्तामातिया काळे कपडे घालून उभी. हातात झाकलेलं पातेलं. "माशांचं सूप आहे. दुःखाच्या घरी चूल पेटवायची नसते."

"अहो, कुणी गेलेलं नाही!"

"असंच वाटतं पहिल्या दिवशी," स्तामातिया म्हणाली. "मन कबूलच होत नाही. माझे गेले तेव्हा मी महिनाभर दोन ताटं वाढत होते."

संध्याकाळपर्यंत सूपाची पाच पातेली जमा झाली. एव्हान्थियाला आधी हसू आवरेना. कुणी विचारलं तर ती सांगे, सगळे सुखरूप आहेत. पण ती हसत सांगे, त्यामुळे तिच्या डोक्यावर परिणाम झालाय असं लोकांनी ठरवलं. "राहू दे ना," ती नवऱ्याला म्हणाली. "रविवारी नऊच्या बसमध्ये बसलो की संपलं." पॉलिकार्पोसला माशांचं सूप आवडत नाही, पण पातेली उष्टी न करता परत देणं बरं दिसत नाही म्हणून त्यानं पाचही घरचं थोडंथोडं खाल्लं. रात्रीत पोट बिघडलं. शुक्रवारी दुपारी त्यानं औषधांच्या दुकानातून गोळ्या आणल्या. दुकानदार अरिस्तिडिस हा फुटबॉल संघाचाही अध्यक्ष होता. त्यानं गोळ्या देताना पॉलिकार्पोसच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

त्याच दुपारी पॉलिकार्पोस पुन्हा आयिसिलाओसकडे गेला आणि दुरुस्ती छापा म्हणाला.

"छापू. पुरावा?"

"कसला पुरावा?"

"कुणी मेलेलं नाही याचा. सूचनेवर तुमची सही आहे. ती खोटी पाडायची तर कागद हवा. वर्तमानपत्र आहे हे, चावडी नव्हे."

पॉलिकार्पोस नगरपालिकेत गेला. खिडकीतली बाई म्हणाली, मृत्यूचा दाखला लगेच मिळतो, मेलेल्याचं नाव सांगा. न मेल्याचा दाखला असा नसतो. कुटुंबातल्या हयात माणसांचा असतो, पण त्याला सोमवार उजाडेल. नोंदणी खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला एका कागदासाठी खिडकीबाहेर उभं राहावं लागावं, हे त्याला फार लागलं. शेवटी कागदाऐवजी साक्षीदार चालेल असं आयिसिलाओसांनी मान्य केलं आणि त्यानं चर्चचे फादर प्रोकोपिस यांना गाठलं. फादर साधे, पण सही करायच्या बाबतीत चिकट.

"मी एवढंच लिहू शकतो की माझ्याकडे प्रेत आलेलं नाही," ते म्हणाले. "तेही या घडीपर्यंत. उद्याचं देवाच्या हातात."

शनिवारच्या अंकात, पहिल्या पानावर, जाड अक्षरांत दुरुस्ती आली: 'श्री. पॉलिकार्पोस कारूझोस यांच्या घरी शुक्रवार दुपारपर्यंत कुणाचेही निधन झालेले नाही, असे फादर प्रोकोपिस यांच्या साक्षीवरून कळते.'

किपारिसियातली माणसं बातमी नुसती वाचत नाहीत, ती जोडतात. चहूकडच्या कॉफीच्या टेबलांवर शनिवारभर हेच काम चाललं होतं. अजून कुणी मेलेलं नाही. म्हणजे कुणीतरी मरणार आहे. फादरांना घरी बोलावलं होतं. पॉलिकार्पोसनं शुक्रवारी दुपारी एक वाजता पोटाच्या गोळ्या घेतल्या, हे खुद्द अरिस्तिडिस सांगत होता, आणि त्याचा रंग बरा नव्हता हेही. एव्हान्थियाचं हसू आता गावाला नीट कळलं. बिचारी नवऱ्यासमोर हसत होती.

रविवारी आठ वाजता एव्हान्थिया निळा कोट घालून, केसांना पिना लावून, टोपलीत चीजचे कानवले घेऊन तयार होती. पॉलिकार्पोसनं खिशातलं तिकीट बोटानं चाचपलं आणि दार उघडलं.

जिना भरला होता. वरपासून खाली रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. पुढे स्तामातिया, तिच्यामागे मुख्याधिकारी, मग पाववाला. नक्की काय प्रसंग आहे याची खात्री नसलेल्या काहींनी मिठाईचे खोके पाठीमागे धरले होते.

"भेटी स्वीकारणार नाही असं छापलंय ना?" पॉलिकार्पोस ओरडला.

"आम्ही कुठे भेटायला आलोय," स्तामातिया त्याला हाताला धरून आत नेत म्हणाली. "आम्ही फक्त बघायला आलोय. कपडे कशाला केलेत? आडवे व्हा."

त्याला आरामखुर्चीत बसवून पायांवर रजई घालण्यात आली. तो उठू लागला की चार हात त्याला खाली दाबत. मला काही झालेलं नाही असं तो सांगे, आणि लोक एकमेकांकडे बघून म्हणत, त्याला सांगितलेलं दिसत नाही. नऊ वाजता कोपऱ्यावर बसचा भोंगा वाजला आणि लांब गेला. एव्हान्थिया दाराशी कोट न काढता उभी होती.

"साडेअकराचीही आहे," पॉलिकार्पोस गर्दीवरून तिला म्हणाला. त्यानं हे मनापासून म्हटलं. साडेअकराची गाडी धरली तरी सामना सापडत होता.

दहा वाजता अरिस्तिडिस आला. त्याच्या हातात संघाचा मफलर होता, अकरा खेळाडूंच्या सह्या केलेला.

"किर पॉलिकार्पोस," तो दवाखान्यात बोलतात तशा आवाजात म्हणाला, "आजच्या सामन्याचं सगळ्यात पहिलं तिकीट तुम्ही काढलंत. तीन आठवड्यांपूर्वी, मी माझ्या हातानं दिलं. ही इच्छा अपुरी राहू द्यायची नाही असं संघानं ठरवलंय. खाली आपल्या लोकांची बस उभी आहे. पुढची जागा ठेवलीय. उशी घातलीय. डॉक्टरही बरोबर आहेत, म्हणजे गुरांचे आहेत, पण आहेत."

"कुठल्या सामन्याचं तिकीट?" एव्हान्थियानं विचारलं.

"आजच्या. आर्गोसच्या. तीन वाजता."

"आर्गोस," ती म्हणाली. "नाफ्प्लिओपासून कितीसं लांब आहे ते?"

"छे, लांब कुठलं. बसनं वीस मिनिटं," अरिस्तिडिस म्हणाला. माणूस भला होता.

एव्हान्थिया लोकांच्या मधून वाट काढत खुर्चीपाशी आली. तिनं हात पुढे केला.

"तिकीट."

"मी सांगणारच होतो. बंदरावर गेल्यावर..."

"तिकीट, पॉलिकार्पोस."

त्यानं आतल्या खिशातून काढून दिलं. ती वळून सगळ्यांना म्हणाली, "यांना वारा बाधतो, खिडकी लावून घ्या. आत सूप आहे. पाच पातेली. यांना भरपूर द्या." मग अरिस्तिडिसला म्हणाली, "चला. जागा रिकामी कशाला न्यायची?"

"मीही येतो!" पॉलिकार्पोस रजईतून सुटायची धडपड करत म्हणाला.

"आजारी माणसानं प्रवास करू नये," एव्हान्थिया म्हणाली आणि जिना उतरली. टोपली तिनं नेली.

त्या दिवशी पुढे जे झालं ते पॉलिकार्पोसला आयुष्यात विसरू म्हटलं तरी विसरता येणार नाही. सव्वाशे माणसं येऊन गेली, म्हणजे मागल्या वर्षीपेक्षा तेरा जास्त. प्रत्येकानं त्याचा हात हातात घेतला. मुख्याधिकाऱ्यांनी कबूल केलं की अकरा वर्षांपूर्वीची बढती खरं तर त्याला मिळायला हवी होती. फादर प्रोकोपिस येऊन बसले आणि कसली घाई नाही म्हणाले. त्यानं तीनदा उभं राहून खरं काय ते सांगितलं. पण खरं सांगायचं तर बायकोला फसवून सामन्याला निघालो होतो असं सांगावं लागे, आणि ते ऐकून लोक कळवळून म्हणत, शेवटी शेवटी माणूस सगळं कबूल करतो.

तीन वाजता कुणीतरी विचारलं, तुमची हरकत नसेल तर रेडिओ लावू का? पावणेपाचला गावानं शेवटच्या मिनिटाला दुसरा गोल केला आणि पॉलिकार्पोसच्या घरात माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. पाठीमागे लपवलेले मिठाईचे खोके पुढे आले, रिबिनी सुटल्या, पाववाला टेबलाभोवती नाचला. मग एकदम सगळ्यांना आपण कुठे आहोत ते आठवलं आणि ते ओशाळून खाली बसले. पॉलिकार्पोसनं टोपी काढली नव्हती. टोपी खुंटीवर होती, आणि खुंटीपर्यंत त्याला कुणी जाऊ दिलं नसतं.

संध्याकाळी आठला संघाची बस गाणी म्हणत आली. तोपर्यंत पॉलिकार्पोस आजारी असल्याचं लोक विसरले होते आणि बस बघायला गावच्या बंदराकडे पळाले होते. घर रिकामं झालं. एव्हान्थिया आत आली, टोपली ठेवली, कोट मात्र अंगातच ठेवला.

"सामना बघितलास?" त्यानं विचारलं.

"नाही. तिकीट ड्रायव्हरला दिलं. तो दर वेळी बाहेर बसूनच ऐकतो म्हणाला. खूश झाला बिचारा."

"मग तू?"

"मी नाफ्प्लिओला गेले. बंदरावर बसले. समोर पाण्यात तो किल्ला दिसतो. कॉफी चांगली होती." तिनं टोपली टेबलाखाली सरकवली. "वेटर आला, म्हणाला, समोरची खुर्ची उचलू का, शेजारी हवीय. मी म्हटलं, राहू दे. आमचे येतायत."

"एव्हान्थिया..."

"दोन तास बसले. त्यानं पुन्हा विचारलं नाही. चांगला होता."

दिवसभर सव्वाशे माणसांनी पॉलिकार्पोसचं सांत्वन केलं होतं आणि तेव्हा त्याला कसलंच दुःख नव्हतं. आता होतं, आणि सांत्वन करायला घरात कुणी उरलं नव्हतं. त्यानं पायांवरची रजई काढून नीट घडी घातली. मग ती उलगडून पुन्हा घातली.

"पुढच्या रविवारी जाऊ," तो म्हणाला.

"पुढच्या रविवारी इथे शेवटचा सामना आहे. बरोबरी झाली तरी आपण वर जातो. बसमध्ये सगळे तेच बोलत होते."

"माहितीय मला."

एव्हान्थियानं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. गेले चार दिवस सारं गाव त्याच्याकडे तसंच बघत होतं. पॉलिकार्पोसनं मान खाली घातली नाही.

"नऊच्या बसनं जाऊ," तो म्हणाला.

तिनं निळ्या कोटाची बटणं एकेक करून सोडली आणि कोट खुंटीला लावला.

"नऊची नको," ती म्हणाली. "सहाची असते. गाव उठायच्या आत निघू."